जांभळीखालचा डोह

१४ जानेवारी १९२४. किमाडी बंदर, कराची.
संक्रांत. तीळ नाही, गूळ नाही. गव्हाची पोती आहेत. पाठ सोलून निघाली. विश्राम (खोलीत आम्ही दोघंच, तो मालवणकडचा) विचारतो, सारखं कागदावर काय काढतोस? गावची पेज नदी काढत होतो. वळण, जांभळीखालचा डोह, वाळू. होळी झाली की तिथं मुक्काम. ठरलं. आधी घरी नाही जायचं, कर्जतला उतरून सरळ नदीवर.

२७ जानेवारी.
वि. पण येतो म्हणतो. "पण नदीतलो मासो म्हणजे नुसतो चिखल रे." म्हटलं खाऊन तर बघ. होळीनंतर नदी तुटते, डोह तेवढे उरतात. मग वाडीतले बापये चार-पाच रात्री वाळूवरच. कातकरवाडीचा काळू गेळाची फळं ठेचून डोहात टाकतो, मासा झिंगून वर येतो. मग दोघांनी जाळं धरायचं. एक टोक बा, एक मी.
डोहावर अबोला चालत नाही. घरचं भांडण वाळूवर आणलं तर मासा लागत नाही, असं पहिल्यापासून आहे. कापणीला आलेलं भात टाकून मी विजेच्या घराचे नळ ओढायला गेलो, तेव्हापासून बा माझ्याशी बोलला नाही. मी समोर असलो तरी आईला सांगणार, "त्याला सांग, बैल पाण्यावर ने." पण डोहावर बोलेल. बोलावंच लागतं. "वढ रं! झोपलास का?"
एवढंच. तेवढं पुरे.

१७ फेब्रुवारी.
मुकादमाकडे रजा मागितली. कुणाचं लग्न? नाही. कोण मेलं? नाही. मग काय करायला जातोस? म्हटलं नदीवर राहायला. मु. एवढा हसला की तंबाखू घशात गेली. शेवटी दिली. गणपतीची अन् दिवाळीची सुटी सोडली तेव्हा.

२ मार्च.
कच्छी गलबताच्या तांडेलाने फाटकं शीड दिलं. चार बांबूंवर टाकलं की झाली राहुटी. बा गवताच्या आडोशाला झोपतो, दवाने खोकतो. वि. शिवू लागतोय. माझे टाके वाकडे. "ह्या शिडात वारो भरलो तर तुझो बापूस थेट कल्याणाक पोचतलो." लई दिवसांनी हसलो.

१६ मार्च.
आमच्या खालच्या वाडीचा महादू बोटीने आला. पोती उचलायलाच. आधी बाचं विचारलं. "बरा हाय." मग डोहाचं.
"कंचा डोह?"
जांभळीखालचा रं.
"आरं, कुठं हायस तू? विजेचं घर सुरू झालं. वरनं नळातनं पाणी येतं, ते पेजंतच सोडत्यात. भर उन्हाळ्यात नदी वाहती. जांभळीच्या बुडाला पाणी. वाळू नाय, डोह नाय. गेळ टाकलं तर जातं वाहून. मुक्कामाला कोन जातंय आता?"
जेवलो नाही.

१७ मार्च.
ते नळ मी ओढलेत. खांद्याला दोराचा वण आहे अजून. पाणी सुटायच्या आधीच इकडं आलो. पाणी डोंगरावरनं येणार, चाकं फिरवणार, हे सगळे बोलायचे. चाकं फिरवून पुढं जाणार कुठं, कुणी विचारलं नाही. मीही नाही. दुपारी भाकर खायला नदीवरच बसायचो.
आणि इथं बसून वाळू काढत होतो कागदावर. गाढव.

२० मार्च. होळी.
किमाडीत पेटवली. मु. ला म्हटलं रजा पुढं ढकला, पावसात द्या. "जा नायतर जाऊ नको. दुसरी नाय."
महादू म्हणतो, "घरी जा की रं. बा खातो का काय तुला?" वि. चंही तेच. ह्यांना काय सांगू. दारात उभा राहीन. बा आईला म्हणेल, त्याला पाणी दे. मग रोज तेच, रजा संपेपर्यंत. घर दोन खणांचं. त्यात डोहासारखी, बोलावंच लागेल अशी जागा नाही कुठली.
नाही जात.

२१ मार्च.
धुळवड. काम बंद. दिवसभर पडून. शिडाकडे बघवत नाही. वि. ला म्हटलं, देऊन टाक कुणाला. त्याने दिलं नाही.

२२ मार्च.
पोती वाहताना महादू आपणहून बोलला. "तुझा बा गेलता गेल्या साली. होळी झाल्यावर."
कुठं?
"नदीवर. जाळं घेऊन. यकटाच. यकट्यानं कसं वढनार? बसला खडकावर सांजपातूर. मी पुसलं, काय गावलं का? म्हनला, पानी थांबंना."
अजून काय म्हणाला?
"काय नाय. चल, उचल, मुकादम बघतोय."
पोतं घेऊन तसाच उभा राहिलो. मु. च्या शिव्या.
बाला दिसत नव्हतं का, पाणी वाहतंय? वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. तरी जाळं घेऊन गेला. दुसरं टोक कोण धरणार होतं?
की नुसती सवय.
संध्याकाळी वि. खोलीत आला. शीड माझ्या वळकटीवर ठेवून गेला. मी ते गुंडाळून बांधलं. परत सोडलं. एका कडेचा टाका उसवलाय, तो घालतो आहे. मुंबईची बोट उद्या सकाळी. तिकीट काढलेलं नाही.