कमनानसाहेब पाण्यावर उभे राहिले त्याची हकीकत

प्रिय वुतदादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (खरं तर एकाच हाताने, दुसऱ्या हातात फोन आहे).

आधी माफी मागते. पत्र उशिरा येतंय आणि त्यात चुका भरपूर असणार, कारण दोरीने माझ्या दोन्ही अंगठ्यांना फोड आलेत आणि मी करंगळीने एकेक अक्षर शोधून टाईप करतेय. त्यात फोन सनितमामाचा, आणि त्या फोनला मामाचीच भाषा येते. मी 'तुझी' लिहिलं की तो पुढे 'डिझेल संपलं' असं सुचवतो. मध्येच कुठे डिझेल आलं तर ते माझं नाही, सोडून दे.

तू कसा आहेस? खोकला गेला का? तुझ्या खोलीवर ऊन येतं म्हणाला होतास, पत्र्याला गोणपाट बांधलंस का? वेळेवर जेवत जा. लमुनमावशी म्हणते की तू फोनवर सारखा हसतोस म्हणजे नक्की काहीतरी लपवतोस. (तुझी आई आहे ती, मी काय बोलणार.) मी बरी आहे. नाक तेवढं उन्हाने सोलून निघालंय, आणि खांदे असे दुखतात की केस विंचरताना मान खाली घालून डोकंच कंगव्याकडे न्यावं लागतं.

आता मुद्द्याचं. मी या सुट्टीत मामाबरोबर गावोगावच्या तलावांवर वेकबोर्ड, म्हणजे दोरी धरून फळीवर उभं राहून पाण्यावरून जायचं ते, शिकवायची शिबिरं घेत फिरतेय हे तुला कळलंच असेल. पण आईने कुठल्या अटीवर सोडलं ते नसेल कळलं. शाळेत झेंड्यासमोर उभं राहून प्रार्थना सांगायची पाळी आली तेव्हा मी चक्कर येऊन पडले आणि परत शाळेत गेलेच नाही, ते तुला माहितीये. तेव्हापासून आईने मोज्यांच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा बघून ठेवलीय. तिथे बोलायला लागत नाही म्हणे, दिवसभर मोज्यांच्या जोड्या लावायच्या. मला मोजे नकोत रे दादा. मला पाणी पाहिजे. फळीवर उभी राहिले की कुणी काही विचारत नाही, आणि विचारलं तरी मी तोवर पुढे गेलेली असते. तर आई म्हणाली, "एक माणूस. एकच. तू तुझ्या तोंडाने शिकवून पाण्यावर उभा कर, मग खुशाल राहा मामाकडे. मामाने शिकवलेला धरणार नाही. नाहीतर शाळा उघडायच्या दिवशी तू कारखान्यात."

मामाकडे बोट नाही. त्याने पॉवर टिलरचं इंजिन काढून त्याला लोखंडी पिंप बसवलंय. इंजिन काठावर ठेवायचं, लांब दोरी पाण्यात न्यायची, दोरीच्या टोकाला दांडी, दांडीला माणूस. मामाने खटका ओढला की पिंप फिरतं, दोरी गुंडाळली जाते आणि माणूस काठाकडे येतो. उभा आला तर शिकला, आडवा आला तर परत पाठवायचा. मामा माईकवरून बोलणार आणि मी पाण्यात राहून करून दाखवणार, असं आमचं ठरलेलं. (मामाला पोहता येत नाही. हे शिबिराच्या बोर्डावर लिहिलेलं नाही.)

पहिलं शिबीर उबोलरतन धरणावर. तिथे तराफ्यांवर जेवायची हॉटेलं असतात, बघितलीच आहेस. मामा माईकवर रंगात आला होता, दोरीने माणूस पाण्यातून कसा अलगद वर येतो ते समजावत होता. बोलता बोलता त्याने खटका ओढला. दांडी तेव्हा माझ्या हातात नव्हती, ती वाहत जाऊन एका तराफ्याच्या खांबात अडकली होती. मी पाण्यातून सगळं बघत होते. 'मामा, थांब' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी तोंड उघडलं आणि त्यात फक्त पाणी गेलं. तिकडे मामा म्हणतोय, "बघा, कसं अलगद येतंय!" आणि खरंच अलगद आलं, एक अख्खं कुटुंब, चटईवर बसलेलं, मध्ये मिठात भाजलेला मासा. त्यांच्यातली म्हातारी तर घास चावतच काठाला लागली. रागावलं कुणी नाही. त्यांना वाटलं, ही हॉटेलची सोय आहे. म्हातारी म्हणाली, "परत नेऊन सोडता ना? अजून फळं यायचीत." मामाने माफी मागितली आणि मी बोर्डामागे जाऊन बसले. तिथे शिकले सगळे, पण मामाकडून. आईने एकही धरला नाही.

दुसरं लाम पाओला. तिथे रोज संध्याकाळी काठावर गाणी लावून व्यायाम करणाऱ्या बायकांचा गटच्या गट नाव नोंदवून आला. रुंद टोप्या, लांब बाह्या, तोंडाला फडकी, कारण रंग काळवंडता कामा नये. उभं राहायला एकही तयार नाही. "बसून नाही का जमत गं बाळे? उभं राहून काय वेगळं दिसतं?" मी मान हलवली (हो म्हणून की नाही म्हणून, मलाही कळलं नाही). मग त्या एकेक जण फळीवर मांडी घालून, एका हातात दांडी आणि एका हातात छत्री धरून, गाणी म्हणत काठाला आल्या. दिसायला फार सुंदर दिसलं, देवाची पालखी निघाल्यासारखं. मी आईला फोनवर सांगितलं की सगळ्या जणी आल्या. आई म्हणाली, "उभ्या?" मी म्हटलं, "मांडी घालून." ती म्हणाली, "बसलेल्या धरत नाही." वर त्या बायकांनी संध्याकाळी मामाला गायला बसवलं, आणि दिवसभर इंजिनावर ओरडून उरलेला त्याचा आवाज तिथेच संपला. सकाळी त्याच्या तोंडातून किटलीतल्या वाफेसारखं काहीतरी यायला लागलं. आणि पुढचा तलाव शेवटचा.

नोंग वेंगला पोचलो तर काठावर मंडप, फुगे, झेंडे, लाईफ जॅकेट घालून रांगेत बसलेली शाळेची पोरं. आणि सगळ्यांच्या पुढे कमनान विचियन. आजूबाजूच्या सगळ्या गावांचा कारभार यांच्याकडे, त्यामुळे तिथे कुठलीही गोष्ट आधी कमनानसाहेब करतात. रस्ता झाला की पहिली गाडी त्यांची, विहीर झाली की पहिला घोट त्यांचा. तर वेकबोर्डवर पहिले तेच उभे राहणार, आणि ते उभे राहिल्याशिवाय दुसरं कुणी पाण्यात उतरणार नाही, हे कुणी सांगावंसुद्धा लागलं नाही. साहेबांनी गळ्यातले ताईत काढून बायकोकडे दिले. "हे बंदुकीची गोळी लागू नये म्हणून आहेत," म्हणाले, "पाण्याचं यात काही येत नाही." पांढरा शर्ट आणि पट्टा मात्र काढला नाही. त्यावरूनच जॅकेट चढवलं. पोट आधीचंच मोठं, जॅकेट घातल्यावर ते पाण्यावर बेटासारखं दिसायला लागलं.

मामाला आवाज नाही, म्हणजे सांगायचं मी. दादा, तुला यातलं काही येत नाही म्हणून सांगते, यात एकच गोष्ट शिकायची असते. गुडघे पोटाशी घेऊन बसून राहायचं, हात सरळ, आणि दोरी आपल्याला ओढेल तसं तिला ओढू द्यायचं. आपण ओढलं की संपलं. आणि कमनानसाहेब म्हशीचा कासरा ओढावा तशी दोरी छातीशी ओढायचे, ताडकन उठायचे आणि तोंडावर पडायचे. पडले की अख्खा काठ टाळ्या वाजवायचा. मनापासून! साहेबांनी केलं म्हणजे चांगलंच केलं. त्यामुळे साहेबांना वाटायला लागलं की हे असंच करतात. पाण्यातून वर यायचे, काठाकडे बघून हात हलवायचे आणि मला विचारायचे, "बरोबर चाललंय ना?"

आणि मी म्हणायचे, "हो साहेब."

विश्वास बसतो तुझा? मी त्यांची फळी धरून शेजारीच पाण्यात. मोज्यांचे ढीग डोळ्यांसमोर दिसतायत. आणि तोंडातून 'हो साहेब'. मोठ्या माणसाला चुकतंय म्हणून सांगायचं कसं? मामा काठावर गुडघे पोटाशी धरून बेडकासारखा उड्या मारत होता, मला समजावं म्हणून. (मला समजतच होतं. लोकांना वाटलं मामाचं पोट दुखतंय, कुणीतरी त्याला औषध आणून दिलं.) ऊन चढलं, रांगेतली पोरं पेंगायला लागली, एकाने जॅकेटमध्येच डबा उघडला. साहेब पडतायत, टाळ्या वाजतायत.

शेवटी साहेब पाणी प्यायला काठावर आले तेव्हा मी पपईची तिखट कोशिंबीर विकणाऱ्या सिममावशीच्या गाडीमागे जाऊन रडायला लागले. ती उखळात मिरच्या कुटत होती. म्हणाली, "देवीला विचारलंस का पाण्यात उतरण्याआधी? नाही? मग साहेब पडणार नाहीत तर काय उडणार? जा, नवस बोल. तिथे झाडाखाली आहे ती. आणि मोठ्याने बोल, म्हातारी आहे, तिला ऐकू कमी येतं." मी गेले. देवीसमोर लाल सरबताच्या बाटल्या आणि उकडलेल्या अंड्यांची ताटं मांडलेली. मी नवस बोलले. काय बोलले ते खाली लिहिते, आत्ता सांगितलं तर ओघ तुटेल. पण मोठ्याने बोलले हे खरं. देवीला ऐकू जावं म्हणून बोलले आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. झाडावरचे बगळेसुद्धा उडाले.

परत पाण्यात आले. साहेबांनी दोरी धरली. मामाने खटका ओढला. साहेबांनी परत कासरा ओढायला घेतला, आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "ओढू नका! दोरी काय तुमची म्हैस आहे? हात सरळ! गुडघे पोटाशी! बसा! बसूनच राहा! कुणी सांगितलं उठायला? उठू नका म्हणते ना!"

कमनानच्या बायकोच्या हातातले ताईत खाली पडले. आणि साहेब, दादा, साहेब घाबरून खरंच बसून राहिले! हात सरळ, गुडघे पोटाशी, शाळेतल्या पोरासारखे डोळे मोठे करून. आणि दोरीने त्यांना उचललं. शर्ट, पट्टा, पोट, सगळंच्या सगळं हळूहळू पाण्यातून वर आलं आणि उभं राहिलं. उभेच्या उभे काठाकडे निघाले! आणि टाळ्या? एकही नाही. इतका वेळ सगळे पडण्याला वाजवत होते ना, आता काय करायचं कुणाला कळेना. शेवटी साहेबच तिथून ओरडले, "अरे वाजवा की!" मग जो गलका झाला! मी मागून ओरडले, "दोरी सोडा!" त्यांनी तिथल्या तिथे सोडली आणि गुडघाभर पाण्यात टेचात थांबले.

मी काठावर आले ती सरळ पाया पडायला. वाटलं, आता आपल्याला गावातून हाकलणार. साहेब धापा टाकत माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "माझ्यावर असं शेवटचं ओरडली ती माझी आई. ती जाऊन किती वर्षं झाली." मग डोळे पुसले (पाणीही असेल) आणि म्हणाले, "चल, परत एकदा ओरड. मला अजून एकदा जायचंय."

त्यानंतर अख्खी रांग गेली. मी दिवसभर ओरडले, दादा! पोरांवर, पोरांच्या मास्तरांवर, कमनानच्या बायकोवर (ती पहिल्याच फटक्यात उभी राहिली, त्यावर साहेब उगाच पट्टा नीट करायला लागले). मामा खटका ओढायचा आणि मी बोलायचे. आईला फोन लावला तर ती म्हणाली, "फोन कानापासून लांब धरलाय मी, हळू बोल. कळलं. किती मोठं माणूस आणलंस गं उभं करून!" मोज्यांची जागा तिने शेजारच्या मुलीला देऊन टाकली. कमनानसाहेबांनी सांगितलंय की दर सुट्टीत शिबीर नोंग वेंगलाच, आणि शिकवणार मी, माईकशिवाय.

पत्र लांबलं. तब्येतीला जप. तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही (कसले ते खाली वाच).

तुझी लाडकी बहीण,
लिंची

ता.क. नवसाचं राहिलं. मी अंडीच बोलणार होते. पण सिममावशी मागून आली आणि म्हणाली, अंडी इथे हरवलेली म्हैस सापडायला देतात, कमनान उभा करायचा तर अंड्यांवर भागणार नाही. घरातला पुरुष डोकं भादरून थोडे दिवस भिक्खू व्हायला पाहिजे. आता घरात पुरुष कोण? मामा तरुणपणी होऊन आलाय, आणि त्याच्या डोक्यावर देवीला द्यायला आता काही उरलेलं नाही. म्हणून मी तुझं नाव दिलं. चुकून दुसराच कुणी वुत पकडला जाऊ नये म्हणून आडनाव, घर, तुझ्या खोलीचा पत्ता आणि फोन नंबरही सांगितला. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, सुरू व्हायच्या आत ये. भुवयाही काढतात, पण त्या लवकर येतात म्हणे.

आणखी ता.क. तू रोज फोनवर लाईव्ह येऊन कमरेएवढे केस दाखवून तेल विकतोस, हे मला तेव्हा आठवलंच नाही. आठवलं तेव्हा साहेब उभे राहिलेले होते. पण विचार कर, टक्कल करून आलास आणि मग रोज तेल लावून केस वाढताना दाखवलेस, तर याहून मोठी जाहिरात कुठली? मामा म्हणतो, "देवीचा काही संबंध नाही, साहेब तुझ्या आवाजाने उभे राहिले." असेल. पण ते देवीला कोण सांगणार? आणि लमुनमावशीला मी आधीच सांगून टाकलंय. ती रडली, मग हसली, मग बॅन्डवाल्याकडे गेली. तुझ्या दीक्षेचा मंडप ठरलाय. तुला लपवायचं जे काय असेल ते आता आटप.

अरे हो, आजी मोटरसायकल शिकली. आज एकटीच बाजारात गेली, नीट गेली. फक्त थांबवायची कशी ते कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे ती सध्या पुढच्या जिल्ह्यात आहे.