आबा, तेलाचा दोष नव्हता

आबा, हे मी दवाखान्याच्या पॅडवर घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. आतल्या खोलीत दीड वर्षाचा एक ग्रेट डेन भुलीतून जागा होतोय आणि बाहेर बाकावर त्याचा मालक बसलाय. कुत्र्याला झालेलं काहीच नाही. धडधाकट कुत्र्याच्या पोटाला दोन बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून बघत, मी त्याचं जठर उजव्या बाजूला पोटाच्या भिंतीला आतून शिवून टाकलं. या मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट कधीतरी गॅसने फुगतं आणि जागच्या जागी उलटतं. दोन्ही तोंडं पिळली जातात, रक्त अडतं आणि काही तासांत सगळं संपतं. शिवलेलं पोट फुगलं तरी सहसा उलटत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "चांगल्या जितराबाला कशाला फाडती गं?" तो मालकही जवळजवळ हेच म्हणाला.

आपली कुत्री याच जातीची. पुण्याच्या एका कुटुंबाला ती फ्लॅटमध्ये झेपेना, म्हणून मी तिला कोपरगावजवळ आपल्या मळ्यात आणून सोडलं. चार दिवस तुम्ही फुरंगटून होतात. "ही काय दूध देनार हाय का?" पाचव्या दिवशी ती तुमच्या खाटेवर आणि तुम्ही खाली घोंगडीवर. नाव शेवटपर्यंत ठेवलं नाहीत. "ये गं" म्हटलं की यायची. तिची नसबंदी मीच केली, इथे श्रीरामपुरात. सोबतचे जुने डॉक्टर म्हणाले, पोट उघडलंच आहे तर जठरही शिवून घ्या, वीस मिनिटांचं काम. मला मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. मी म्हणाले, पुढे बघू. टाके घातले, हात धुतले, साडी बदलली. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी तुमचा फोन आला. "पोट लई फुगलंय. उलटीवानी करती, पन पडत काईच न्हाई." ऐकताक्षणी मला कळलं. निघते, एवढंच म्हणाले. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. तिकडे तुम्ही आयुष्यभर जे केलंत तेच केलंत. ओला लसूणघास खाऊन फुगलेल्या गावातल्या गाई तुमच्याकडेच यायच्या. तुम्ही नळीने गोडंतेल पाजायचात, डावी कूस चोळत फिरवायचात आणि गाय बरी होऊन घरी जायची. तसंच तिला पाजलंत, फिरवलंत. मी पोहोचते तेव्हा ती गोठ्यात आडवी आहे, डोकं तुमच्या मांडीवर, आणि श्वास थांबलेला. तुमच्या सदऱ्यावर तेल सांडलंय. तुम्ही वर न बघताच विचारता, "तेल पाजलं मी. चुकलं का गं माजं?"

मी म्हणाले, "कुत्र्याला तेल पाजत नाहीत, आबा."

वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर तुम्हाला ते इतकं लागलं. पण ती तेलाने गेली नव्हती. जठराचं तोंडच पिळलेलं, तेल खाली उतरलंही नसेल. तिला वाचवायची वेळ दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून निसटली होती आणि हे मला त्या गोठ्यात उभी असताना पक्कं माहीत होतं. पुढे महिन्याभरात शेजारचे लोक म्हैस फुगली म्हणून धावत आले, तर तुम्ही खाटेवरून उठला नाहीत. "डॉक्टरला बलवा. माज्या हाताला गुन न्हाई राह्यला." मी तिथेच ओसरीवर जेवत होते. मान खाली घालून जेवत राहिले. तुम्ही नंतर चार वर्षं होतात, पण एकाही जनावराला हात लावला नाहीत. तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होतील आणि मला अजून माझी लाज वाटते.

आजचा मालक शिंगणापूरचा. दारं नसलेल्या गावात राखणीला कुत्रा कशाला, म्हणून मी त्याची चेष्टा केली, तर म्हणाला, "राखनीला न्हाई ताई, सोबतीला हाय." त्याला सगळं समजावलं, चित्र काढून दाखवलं, तरी सही करायला हात धजेना. तेव्हा मी ती गोष्ट सांगितली. ती मी सगळ्यांनाच सांगते. कोपरगावकडच्या एका म्हाताऱ्याने फुगलेल्या कुत्रीला गाईसारखं तेल पाजलं आणि ती मेली. त्या गोष्टीत डॉक्टर मुलगी नसते, डोहाळजेवणही नसतं. ऐकली की लोक मुकाट सही करतात. त्यानेही केली आणि वर म्हणाला, "अडानी मानूस, त्याला काय कळनार." मी मान डोलावली.

हे पान घडी घालून ड्रॉवरमध्ये जाईल, तुमच्यापर्यंत काही पोहोचायचं नाही. पण तो माणूस दहा पावलांवर बसलाय. तो म्हातारा माझे वडील होते आणि चूक माझी होती, एवढं त्याला आत्ता जाऊन सांगता येईल. मघाशी उठलेही होते. दारापर्यंत गेले आणि विचारलं, चहा घेणार का.