तिसरी साडी

प्रिय मल्लेश,

तुझ्या अज्जीला अक्षर येत न्हाय हे तुला ठाऊक आहे, तेव्हा पत्र बघून दचकू नकोस. मी बोलते, लिहिणारी लिहिते. मधेच ती हसायला लागली की थांबावं लागतं, एवढाच त्रास.

तू सोलापुरात बसून अज्जांचं दुकान मोबाइलवर मांडलंस. शेजारच्या सुनेनं मला दाखवलं. लई देखणं आहे. पण नटलेल्या नवरदेवासारखं, तोंडातून शब्द न्हाय. आपलं लोहारा गावातलं साड्यांचं दुकान बोलकं होतं. तू गादीवर लोळत असायचास, आठवतं का? टेलिफोनच्या नोकरीवरची नंदा साडी घ्यायला यायची. जन्मापासून तिला दिसत न्हाय. अज्जा पदर तिच्या हातात द्यायचे आन् रंग सांगायचे. नुसतं पांढरा असं कधी म्हणाले न्हाईत. एक ताकाचा पांढरा, एक ज्वारीच्या पिठाचा, एक नुकत्या उकललेल्या बोंडाचा. बाकीच्या बायका हातातली साडी सोडून ऐकत बसायच्या. मीही. माझ्याशी एवढं गोड ते कधी बोलले न्हाईत, हे जाता जाता सांगते.

रिटायर होऊन नंदा आता इथं माकणीतच राहते. तिच्या भाच्याचं, प्रेमानंदचं, पुढच्या महिन्यात लग्न आहे. त्यांच्यात नवरी पांढरं नेसते, आन् ती साडी आत्या देणार. नंदाचा फोन पडद्यावरचं वाचून सांगतो. तुझ्या दुकानात गेला की मात्र नुसता म्हणतो, साडी, साडी, साडी, बटण. शेवटी मीच शेजारच्या सुनेच्या फोनात बघून सांगितलं, तिसरी घे, पांढरी आहे. अज्जांच्या फळीवरची तिसरी वर्षभर तिसरीच असायची. तुझ्याकडं साड्या संध्याकाळपर्यंत जागा बदलून बसतात, हे मला काय ठाऊक. नंदानं रात्री तिसरी मागवली. आली ती जांभळी. तिनं हात फिरवला, खूश झाली. मी रंग सांगितला तशी आधी हसली, मग घडी घालून साडी माझ्याकडं सरकवली. म्हटलं, दुसरी मी निवडते. नको म्हणाली. आयुष्यभर सगळं दुसऱ्यांनीच निवडून दिलं काकू, तुमच्या मालकांच्या दुकानात तेवढं मी निवडायचे, असं म्हणाली.

तर हे पत्र नंदाच लिहितेय. मी बोलते, ती फोनवर लिहिते, फोन तिला परत वाचून दाखवतो. एकीला अक्षर न्हाय, एकीला नजर न्हाय, तरी पत्र झालं की न्हाय? आता तू चांगली पांढरी बघून पाठवून मोकळा होऊ नकोस. प्रत्येक फोटोमागं अज्जांसारखं लिही, बटणांना नावं दे. मग डोळे मिट आन् तुझ्या फोनला वाचायला लाव. ताक दिसलं तर नंदाला कळव. न्हाय दिसलं तर परत लिही. साडी ती निवडेल.

जांभळी मी ठेवून घेतलीय.

तुझीच, डोळे असून तिसरी चुकलेली,
उमादेवी अज्जी