चौघांचं मेडल

५ जानेवारी, रविवार
आज पुन्हा माझ्यामुळे चौघंही मेलो! जीप मी चालवत होतो. भुपेंद्र ओरडतोय— "काकाजी, काढा ना गाडी! काहून थांबून राहिले?" पण कामिनी अजून मागे, भिंतीआड. पॅसेंजर खाली असताना डबल बेल कशी देणार? जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, ती रिटायर होऊन सुटते का! थांबलो. मागून गोळ्या आल्या. खेळ खलास.

प्रतिक्षा रागावली नाही. पोरगी पुण्यात, मी इथे दिघोरीत खाटेवर, आणि मोबाइलमधल्या एकाच बेटावर दोघांच्या हातात बंदूक. कामिनी तिची रूममेट, नर्स आहे. भुपेंद्र तिचा शाळेतला दोस्त, तुमसरला राइस मिलमध्ये असतो. असे आम्ही चौघं. बेटावर बाकीचे शंभरेक, सगळे जिवावर उठलेले. जिंकायचं, आणि जिंकताना चौघांपैकी एकानेही पडायचं नाही— असं केलं की एक मेडल मिळतं. दर जानेवारीत देतात, महिनाअखेर मुदत. प्रतिक्षा म्हणते, "बाबा, मले ते पाहिजेच!"

८ जानेवारी, बुधवार
पंचफुला म्हणाली, "खोट्या बंदुकीचं खोटं मेडल! चाटाचं का त्याले?"

बायको बोलली ते डोक्यात राहिलं. संध्याकाळी तिघांना विचारलंच, कायले पाहिजे रे हे?

भुपेंद्र म्हणाला, "काकाजी, दिवसभर पोते उतरवतो. चुकलं तर शिव्या, बरोबर केलं तर चूप. इथं निदान 'शाबास' तरी येते, तेबी रंगीत!" कामिनी म्हणाली, वॉर्डात कोणी वाचलं तर डॉक्टरांचं नाव होतं, इथे आपण वाचवलेला माणूस आपल्या नावावर चढतो. प्रतिक्षा नुसती हसली. "मले पाहिजे, बस!"

मी? माझ्या गाडीवरचा ड्रायव्हर बाबूलाल. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला त्याला, स्टेजवर, हारतुरे घालून. मी खाली बसून टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. कंडक्टरलाही बिल्ला असतोच, पण तो नंबरचा. शाबासकीचा नाही. हे कुणाला बोललो नाही कधी. पंचफुलालाही नाही.

१४ जानेवारी
नेट नाही. खेळ नाही. तिळाचा लाडू गोड लागला नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
एक गंमत लिहून ठेवतो. प्रतिक्षाचा फोन आला की— "जेवले का बाबा?" "जेवलो." "तब्येत?" "बरी." "आईले दे." झालं! बापलेकीचं बोलणं संपलं. मलाही सुचत नाही, तिलाही नाही.

आणि खेळात? गवतात लपून बसलो, शत्रूचा पत्ता नाही, की पोरीचं तोंड सुरू. साहेब कसा खेकसतो. तिकडचा तांदूळ कसा गिचका होतो. लाखोरीची डाळ आई कशी शिजवते. मध्येच, "बाबा, डावीकडे!" धाड धाड! आणि पुन्हा, "हां, तर मी काय सांगून राहिली होती…"

किती वर्षांनी ऐकतोय हा आवाज! या खेळाचे उपकार मानायला हवेत, ज्याने कोणी काढला त्याचं भलं होवो.

पण मेडल मिळालं की मग? रोज यायचं तिला कारण काय उरणार?

२३ जानेवारी, गुरुवार
आज लबाडी केली. चौघंही शाबूत, समोर थोडेच उरलेले, जिंकणार असं दिसत होतं. मी टेकडीवर जाऊन उभा राहिलो. सरळ! पहिल्याच गोळीत आडवा. म्हणालो, "बोट चुकलं रे."

प्रतिक्षा म्हणाली, "असू द्या बाबा. उद्या पाहू."

तेवढ्या 'उद्या'साठीच मेलो होतो. पण जेवण गेलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार
भुपेंद्रने सहज सांगितलं— संध्याकाळी मोकळं राहता यावं म्हणून त्याने पहाटेची पाळी मागून घेतली आहे. या थंडीत पहाटे चारला उठतो, माझ्यासोबत खेळायला! कामिनीही ही वेळ सोडूनच ड्यूटी घेते म्हणे. अशी पोरं! आणि मी टेकडीवर जाऊन उभा राहतो. पुन्हा नाही. मिळायचं तेव्हा मिळो, मग पोरगी येवो न येवो.

३१ जानेवारी, शुक्रवार
मिळालं!!

शेवटी आमच्याशिवाय दोनच टोळ्या उरल्या. एक आमच्या मागावर. जीप काढायची वेळ, आणि कामिनी पुन्हा मागे! माझा पाय ब्रेकवरच. या वेळी भुपेंद्रच ओरडला, "थांबा काकाजी, पोरीले बसू द्या!" ती बसली. मी तोंडानेच टिन-टिन केलं. तेवढ्या वेळात मागची टोळी आम्ही पुढे गेलो समजून सुसाट निघून गेली, आणि दुसऱ्या टोळीवर जाऊन आदळली. दोघांनी एकमेकांना संपवत आणलं. उरलेला एक प्रतिक्षाने टिपला.

पडद्यावर माझं नाव, पिवळ्याधमक अक्षरात! कामिनी रडली, मीही रडलो. पंचफुलाने हातावर साखर ठेवली. म्हणाली, "लय मोठे शिपाई झाले तुमी!" प्रतिक्षा नुसती, "मिळालं न बाबा! मिळालं न!"

'आता उद्या?' एवढं विचारायचं राहिलं.

१ फेब्रुवारी, शनिवार
मोबाइल उघडला नाही. पोरीला तिचंही आयुष्य आहे. इतके दिवस बापाजवळ बसली, हेच खूप झालं. तक्रार नाही. खरंच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
आजही नाही. प्रतिक्षाचे दोनदा फोन आले, पंचफुलाला घ्यायला लावले.

३ फेब्रुवारी, सोमवार
भुपेंद्रचा फोन. "काकाजी, काहून येऊन नाही राहिले?" म्हटलं, मेडल मिळालं ना बाबा, आता कायले? तो म्हणाला, "काकाजी, आमा तिघायजवळ ते मेडल मागच्याच वर्षीपासून हाये. तुमी रिटायर झाल्यावर खाटेवरून उठत नव्हते, कोनाशी बोलत नव्हते. काकूनं रडत रडत प्रतिक्षाले फोन केला. मंग तिनं हे मेडलचं निमित्त काढलं. सांगजो नोको म्हने."

पंचफुला चुलीपुढे होती. फोन ठेवला आणि तिच्याकडे वळलो. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "पोरं वाट पाहून राहिले असन. जा ना आता खेळाले!"

गेलो.