आडवा पेशंट

रविवार, १२ मार्च

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. वॉर्डात नेहमीचीच पळापळ, क्वार्टरचा नळ अजून गळतोय. सर्जरीची शेवटची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झालीस, अभिनंदन. आईनं फोनवर ते इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी "अगं, ऐकलं!" म्हणून खेकसले. तिला वाटलं, ड्यूटीमुळे माझी झोप झाली नाही.

माझं काय झालं ते तू विचारलंस, तेही पत्राच्या शेवटी, अगदी जपून. आईला मी "थोडक्यात गेलं" एवढंच सांगितलंय. थोडक्यात कसलं! परीक्षेत तपासायला मला जांघेत गाठ असलेले एक आजोबा मिळाले होते. आधीच्या प्रत्येकानं त्यांना उभं करून खोकायला लावलेलं. माझी पाळी आली तेव्हा ते आडवे पडून धापा टाकत होते. मला कीव आली. "पडूनच राहा, आजोबा," मी म्हटलं. आडवं पडलं की हर्नियाची गाठ आत जाते, हे कॉलेजातलं पोरगंही सांगेल. मी जांघ चाचपली आणि परीक्षकांना ठणकावून सांगितलं, "गाठ नाही." त्यांनी आजोबांना हात देऊन उभं केलं. चांगली लिंबाएवढी गाठ होती.

आणि दुसऱ्या दिवशी तुला तेच आजोबा! तू लिहितेस, "ताई, तुझंच वाक्य आठवलं, आधी उभं कर, मग हात लाव." वर परीक्षकांना सांगितलंस, हे मला ताईनं शिकवलं. तिथं मी पत्र चुरगाळलं. मग पुन्हा सरळ करून वाचलं, कारण पुढे तुला किती मार्क पडले ते बघायचं होतं.

खरं सांगू? तुझा निकाल लागेपर्यंत मला वाटत होतं, तूही अडकावीस. दोघी मिळून पुन्हा बसू, अशी मी स्वतःची समजूत घालत होते, पण ती नुसती सारवासारव. माझे कपडे तुला यायचे, माझी पुस्तकं तुला यायची, प्रत्येक गोष्टीत आधी मी. आता दारावरच्या पाटीवर सर्जन म्हणून आधी तुझं नाव लागणार. जळफळाट होतो माझा. तुझे टाके माझ्यापेक्षा सुबक पडतात, त्याचाही होतो.

सराव घ्यायला येते म्हणालीस. "नको, तू आराम कर," असं लिहिलेला कागद आत्ताच फाडला. आमच्या विभागाच्या सरांनी स्पष्ट सांगितलंय, पुढची परीक्षा ही शेवटची संधी. नाहीतर इथली जागा सोडावी लागेल. इथले सगळे मला सांभाळून घेतात, त्याचा काही उपयोग नाही. पत्ते खेळताना माझी लबाडी एकटी तूच पकडायचीस.

तेव्हा ये. शनिवारी ये. "असू दे गं, ताई" म्हणू नकोस. चुकले तर तोंडावर नापास कर आणि पुन्हा पहिल्यापासून विचार. मी चिडेन, कदाचित धड बोलणारही नाही. तरी उठून जाऊ नकोस.

तुझ्यावर जळणारी आणि तुझीच वाट पाहणारी,
ताई