दिव्याला मराठी येत नाही

शुक्रवार, संध्याकाळ

आईचे गुडघे दुखतात, म्हणून तोंडाने सांगितल्यावर दिवे लावणारं यंत्र मीच आणलं. आज ती त्याला दोनदा म्हणाली, "दिवा लाव रे बाळा." काहीच झालं नाही. मग तिने तमिळमध्ये सांगितलं आणि दिवा लागला.

"आपली मराठी त्याला येत नाही गं," ती हसली.

पुण्याच्या पाहुण्यांनाही आमची ही तमिळनाडूत पिढ्यानपिढ्या जपलेली मराठी जुनीपुराणी वाटते, मग यंत्राला काय बोलायचं? पण माझे वडील, अप्पा, होते तेव्हा तमिळ चपलांबरोबर दाराबाहेर राहायची. कुंभकोणमच्या बाजारात काय हवं ते बोला, घरात मराठीच. किती चिडायचे मी!

जेवताना आईने माझ्याकडे तमिळमध्ये पाणी मागितलं. मीही तमिळमध्येच "आणते" म्हटलं. तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. आत्ता लिहिताना आलं.