शंभराच्या खाली

सोमवार, ३
शाळेत आरोग्य निरीक्षक म्हणून रुजू झालो. काम सोपं. सकाळी फाटकाशी उभं राहून रांगेतल्या प्रत्येक लेकराच्या कपाळासमोर तापमापक धरायचा, आकडा लिहायचा. शंभराच्या वर असेल त्याला घरी धाडायचं. आयुर्वेदाच्या पदवीसाठी ज्वराचे आठ प्रकार संस्कृतात घोकले, आणि हाती आलं हे प्लास्टिकचं पिस्तूल! मुख्याध्यापिका बाईंनी पहिल्याच दिवशी मला शास्त्रीबुवा करून टाकलं. पहारेकरी आजोबांची नात चिमणी पहिलीत आहे. काकांचं टक्कल उन्हात किती तापतं, तेही मोजा म्हणाली. मोजलं. शंभराच्या आत होतं, म्हणून मला आत सोडलं.

मंगळवार, ४
पटावर दोनशे अकरा, सगळे हजर. माझ्या यादीत आकडे दोनशे बारा. त्यातला एक ७४, म्हणजे भिंतीइतका. यंत्राने भिंतच मोजली असणार. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, की संस्कृतात अकराला बारा म्हणतात का.

बुधवार, ५
पुन्हा ७४. काल यादीत ७४ च्या लगेच खाली जिचं नाव होतं, ती मुलगी आज तापाने फणफणली आहे.

गुरुवार, ६
आजारी दोन. दोघंही ७४ च्या मागे उभी होती. आज मुद्दाम पाहिलं. गणवेश होता, दप्तर होतं. चेहरा पाहिला आणि लगेच विसरलो. कपाळ ओल्या फरशीसारखं. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ताप नाही ना, मग नियमाने आत सोडा. खरंच, किती खाली चालेल हे नियमात कुणी लिहिलेलंच नाही.

शुक्रवार, ७
मंगळवारची मुलगी गेली.
आज ७४ च्या मागे चिमणी. तिला बखोटीला धरून बाजूला काढलं, तिच्या जागी मी उभा राहिलो. आजोबांना म्हटलं, हिला घरी न्या, उद्या यायचं नाही. घरोघरी फोन केले. उद्या फाटक बंद. बाई म्हणाल्या, नोकरी जाईल. म्हटलं, खुशाल जाऊ दे, नोकरीला कुठे ताप आहे!

शनिवार, ८
मला १०३. फाटकाला कुलूप, पाठ फाटकाला, वही गुडघ्यावर. रस्ता रिकामा—
नाही. रांगेत एकच. ७४.
त्याला सांगितलं, नियम आज मी बदललाय. शंभराच्या खालीही अडवणार.
हात धरलाय त्याने. माझा आकडा उतरतोय— अठ्ठ्याण्णव— नव्वद—
ऐंशी.
आत नाही जायचं, बाळा. भिंतीइतका झालो तर भिंत होईन, पण इथून मी हल—